पत्र नेरुळला, गाडी कासारवडवलीला

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि मी लेकीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. फोन आला तो नेरुळच्या काकांचा. 2022 साली मी माझी गाडी त्यांच्याकडून घेतली. गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी ती विकली होती. त्यानंतर आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतंच.

“ताई, गाडी अजून तुमच्याकडेच आहे ना?” त्यांनी आधी हेच विचारलं. “कंपनीचं रजिस्टर्ड पत्र आलंय, माझ्या नावाने. इंजिनाचं काहीतरी आहे. मी वाचतो, तुम्ही लिहून घ्या.”

पत्र इंग्रजीत होतं. काका एक वाक्य वाचायचे, थांबायचे आणि मग मराठीत सांगायचे. पहिल्या परिच्छेदात कंपनी ग्राहकांच्या सुरक्षेची किती काळजी घेते ते. दुसऱ्यात, ठरावीक महिन्यांत बनलेल्या काही गाड्यांच्या इंजिनातून वेगळा आवाज येऊ शकतो, हे. तिसऱ्यात, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला भेट द्या, तपासणी आणि दुरुस्ती मोफत. आणि चौथ्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत असं, की क्वचित प्रसंगी चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडू शकतं.

ही मांडणी मला आजही पटलेली नाही. गाडी चालता चालता बंद पडू शकते हे पहिल्या ओळीत, जाड अक्षरात यायला हवं. लोक पत्र उघडतात, दोन ओळी वाचतात, ‘आवाज’ एवढाच शब्द डोक्यात राहतो आणि पत्र टीव्हीच्या कपाटात जातं. काकांनी शेवटपर्यंत वाचलं म्हणून मला कळलं.

कारण आवाज येत होता. एप्रिलपासून येत होता. सकाळी गाडी चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं बॉनेटखालून ठक-ठक असा बारीक पण खोल आवाज यायचा आणि इंजिन गरम झालं की विरायचा. आमच्या कासारवडवलीच्या नाक्यावरचा फिटर माणूस चांगला आहे, माझी गाडी तोच बघतो. त्याने कान लावून सांगितलं, टॅपेटचा आवाज असेल, ऑइल बदलून बघू. ऑइल बदललं. आवाज कमी झाल्यासारखा वाटला. मे महिन्यात एकदा माजिवड्याच्या सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. मागून हॉर्न वाजत होते, सिग्नल सुटला, मी निघाले. घरी येऊन डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल बरोबर खुणेवर होतं. म्हटलं, वायरिंगचं काही असेल.

मी ऐरोलीत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता, असा माझा रोजचा मार्ग. लेक शेजारी बसलेली असते. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा कळव्याचा पूलच आला.

पत्र माझ्याकडे का आलं नाही, हे आधी सांगते, कारण या सगळ्या प्रकारात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. गाडी माझ्या नावावर रीतसर झालेली होती. फॉर्म 29, फॉर्म 30, आरसीवर माझं नाव, माझा पत्ता, विमाही माझ्या नावावर. मला वाटत होतं की एवढं केलं म्हणजे गाडी सगळीकडे माझी झाली. पण कंपनीने पत्र पाठवलं ते स्वतःच्या विक्रीच्या नोंदीवरून. त्या नोंदीत पहिला ग्राहक असतो. नंतरच्या मालकाचं नाव तिथे जातं ते तो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी घेऊन गेला तर. मी तीन वर्षं गाडी नाक्यावरच्या फिटरकडेच दाखवत होते, त्यामुळे कंपनीच्या लेखी मी नव्हतेच. काकांनी घर बदललं असतं, किंवा माझा नंबर त्यांच्या डायरीत नसता, तर हे पत्र नेरुळच्या पोस्टातूनच परत गेलं असतं.

त्याच रात्री मी आरसी घेऊन बसले. आपल्या गाडीला रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं, लागू आहे का हे बघायला कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकायची सोय असते. हा नंबर 17 अक्षरांचा असतो. मी टाकला, उत्तर आलं: ‘या क्रमांकाचे वाहन आढळले नाही’. परत टाकला, परत तेच. क्षणभर बरं वाटलं, की आपली गाडी यात नाही. पण ‘वाहन आढळले नाही’ आणि ‘रिकॉल लागू नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात आलं तेव्हा पुन्हा नीट पाहिलं. आरसीवरचा शून्य मी ‘ओ’ म्हणून टाकत होते. चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणूनच. जे ओसारखं दिसतं ते शून्यच. शून्य टाकला आणि लाल चौकटीत शब्द आले: ‘रिकॉल पेंडिंग’.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. नाव कुणाचं घेत नाही. अ‍ॅडव्हायजर तरुण मुलगा होता, बोलायला नम्र. म्हणाला, “मॅडम, पार्ट अजून आलेले नाहीत. तीन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट देतो.”

“तोवर गाडी चालवायची की नाही?”

“तशी चालवायला हरकत नाही, मॅडम. फक्त फार स्पीडने नको.”

“आवाज येतोय. ऑइलचा दिवा एकदा लागलाय. हे ऐकूनही तुम्ही चालवा म्हणताय, तर तेवढं मला ई-मेलवर लिहून द्या.”

तो थांबला. वरच्यांना विचारतो म्हणाला. तासाभराने त्याच्या मॅनेजरचा फोन आला, आणि आता उत्तर बदललं होतं: गाडी चालवू नका, आम्ही फ्लॅटबेड पाठवतो, टोइंगचा खर्च नाही. ‘लिहून द्या’ या दोन शब्दांनी एका तासात काम झालं. तोंडी उत्तर देणारा मुलगा वाईट नव्हता, त्याच्यापुढच्या स्क्रीनवर जे होतं तेच तो सांगत होता. पण माझ्या जागी ओशाळून फोन ठेवणारं कुणी असतं तर तीन आठवडे ती गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर पळत राहिली असती.

इंजिन बंद पडलं म्हणजे काय, गाडी कडेला घ्यायची आणि फोन करायचा, असं मलाही आधी वाटायचं. पण इंजिन बंद पडलं की त्याच्या जोरावर चालणाऱ्या गोष्टीही जातात. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत टिकते, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण सगळं वजन देऊन दाबावा लागतो. स्टिअरिंग जड होतं. मागून कंटेनर येत असताना, पावसात, तिसऱ्या लेनमधून डावीकडे यायचं आणि तेही हे ठाऊक नसताना. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, उठून त्याने गाडीची किल्ली कपाटात ठेवली.

गाडी फ्लॅटबेडवर चढून गेली. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, त्यात ती मोठी गाडी आमच्या गल्लीत वळवायला वॉचमनने फार मदत केली. पुढचे पाच आठवडे मी टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली असं केलं. घरातून पाऊण तास आधी निघावं लागायचं. लेकीला मात्र दिघा गाव स्टेशन ते ऐरोलीदरम्यान दाराशी उभं राहायला आवडायला लागलं, हा एक नवा घोर.

पार्ट आल्याचा फोन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी रजा टाकली. मला इंजिन उघडताना बघायचं होतं. वर्कशॉपच्या आत ग्राहकाला सोडत नाहीत, काचेतून बघा म्हणतात. मी म्हटलं, हेल्मेट द्या, पिवळ्या पट्टीच्या मागे उभी राहते, पण काचेतून नाही. शेवटी हेड मिस्त्रीच म्हणाले, “येऊ द्या ताईंना. शाळेत शिकवतात, त्यांना कळेल.”

साठीला आलेला माणूस. बोटं तेलाने काळी, पण बोलणं अगदी मुलांना शिकवावं तसं. आधी त्यांनी ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे मीटर लावला आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवलं. आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि नुसतं इंजिन चालू असताना, काटा जिथे असायला हवा त्याच्या खालीच थरथरत होता. मग गाडी लिफ्टवर चढवली, चेंबरचं बूच काढलं आणि काळं ऑइल धारेने ट्रेमध्ये उतरलं. हे ऑइल मी एप्रिलमध्येच बदललेलं होतं.

मिस्त्रींनी पांढऱ्या फडक्यावर थोडं ऑइल घेतलं, बोटाने पसरवलं आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. “बघा.” फडक्यावर चमक होती. जरीच्या साडीचा पदर झटकल्यावर हातावर राहते ना, तशी. कण डोळ्यांना धड दिसत नव्हते, फक्त उजेड हलवला की लकाकत होते. मग त्यांनी खिशातून लहान लोहचुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि फडक्यावरून फिरवलं. काही कण उठून चुंबकाला चिकटले. बरेच तसेच राहिले, तांबूस-करडे.

“चिकटलं ते लोखंड,” ते म्हणाले. “ते फॅक्टरीतलं असणार. राहिलं ते बेअरिंगचं. लोखंडाच्या किसाने बेअरिंग खाल्लं, आता बेअरिंगचं पीठ ऑइलमध्ये फिरतंय.”

मला हे माझ्या शब्दांत सांगू दे. पिस्टन वर-खाली होतो आणि त्याची ही हालचाल कनेक्टिंग रॉड खालच्या क्रँकशाफ्टला देतो, तेव्हा कुठे चाकं फिरतात. रॉड आणि क्रँक जिथे जोडलेले असतात तिथे दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना बेअरिंगचे शेल म्हणतात. शेलच्या पाठीला पोलाद आणि आतल्या बाजूला मऊ धातूचा थर. इंजिन नीट चालत असताना हा मऊ थर क्रँकला टेकत नाही. मधल्या फटीत दाबाखाली आलेलं ऑइल भरलेलं असतं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो. फट किती, तर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. आपला केसही त्यापेक्षा साधारण जाड असतो. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50, आणि हे सगळं त्या केसाहून बारीक फटीतल्या ऑइलच्या भरवशावर.

ते ऑइल तिथवर पोचतं क्रँकशाफ्टला पाडलेल्या भोकांतून. कारखान्यात ही भोकं ड्रिलने पाडतात, तेव्हा लोखंडाचा कीस निघतो. तो जोराच्या फवाऱ्याने धुऊन काढायचा असतो. माझ्या इंजिनाच्या बॅचमध्ये ही धुलाई नीट झाली नव्हती. वाहिनीत अडकून राहिलेला कीस सावकाश, वर्षं घेत, ऑइलबरोबर फटीत उतरला, मऊ थराला ओरखडे पडले, फट वाढली, फट वाढली तसा ऑइलचा दाब उतरला आणि रॉड क्रँकवर आपटायला लागला. तीच ती सकाळची ठक-ठक. असंच चालू राहिलं तर बेअरिंग क्रँकला चिकटतं आणि इंजिन जाम होतं. किंवा रॉड तुटून ब्लॉकच फोडतो. तेव्हा गरम ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आगही लागू शकते.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. 2024 मध्ये अमेरिकेत टोयोटाने मशीनिंगचे कण इंजिनात राहिले म्हणून सुमारे 1 लाख 2 हजार गाड्या परत बोलावल्या, नामांकित आणि महागड्या. कारण वाचलं तेव्हा मिस्त्रींचं फडकं आठवलं.

दुपारी इंजिन खाली उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा रॉड सोडून त्यांनी शेल माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या नखाने आतून चाचपून पाहिला तर नख अडकत होतं. गुळगुळीत असायला हवी ती बाजू, आणि तिथे रेकॉर्डच्या तबकडीसारख्या चऱ्या पडलेल्या, एका कडेला मऊ थर उडून खालचं तांबूस दिसत होतं. मला तो शेल वर्गात दाखवायला हवा होता. पण रिकॉलचे जुने भाग कंपनीकडे परत पाठवावे लागतात, मोजून. मी फोटो काढले. मिस्त्री म्हणाले, “अजून हजार-दोन हजार किलोमीटर गेली असती ताई, जास्त नाही.” हा त्यांचा अंदाज. मी मात्र त्या दोन हजारांचा हिशेब मनात केला: रोजच्या जाण्या-येण्याचे दोन महिने. म्हणजे ऐन पावसाळा संपेपर्यंत.

यानंतर एक कटू प्रसंग. जॉब कार्डवर सही करायला गेले तर खाली ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ‘इंजिन क्लीनिंग’ असं मिळून 4860 रुपये लावलेले. विचारलं तर म्हणाले, रिकॉलमध्ये पार्ट आणि लेबर फ्री, कन्झ्युमेबल ग्राहकाचे. मी काकांच्या पत्राची प्रत पुढे केली. त्यात ‘दुरुस्ती पूर्णपणे विनामूल्य’ असं होतं. इंजिन बदलायचं तर ऑइल काढावंच लागतं आणि नवं भरावंच लागतं, तो दुरुस्तीचाच भाग. गाडी मी तुमच्याकडे ऑइल बदलायला आणलेली नाही. अर्धा तास वाद झाला, मी आवाज चढवला नाही, पण खुर्चीवरून उठले नाही. शेवटी चारही ओळी कार्डावरून काढल्या. माझ्या मागे रांगेत एक रिक्षावाले भाऊ त्यांच्या मेहुण्याची गाडी घेऊन उभे होते, त्याच रिकॉलची. त्यांच्या कार्डावरही त्याच चार ओळी होत्या. त्यांनाही पत्राची ती ओळ दाखवली.

कायदा काय म्हणतो ते मी या पाच आठवड्यांत लोकलमध्ये बसून वाचून काढलं. आपल्याकडे 2012 पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत होती. स्वेच्छेने, म्हणजे कंपनीला वाटलं तर. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन 110ए हे कलम आलं आणि केंद्र सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी सरकारच्या वाहन पोर्टलवर आपण स्वतः तक्रार नोंदवू शकतो, आणि एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की चौकशी होते. कंपनीने स्वतःहून पाऊल न उचलता सरकारला आदेश द्यावा लागला तर 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माझ्या मते यातली सर्वांत कामाची गोष्ट तक्रारीची आहे. एप्रिलमध्ये मी ‘टॅपेट असेल’ म्हणून गप्प बसले. माझ्यासारखे किती जण बसले असतील.

रिकॉल झाला म्हणजे कंपनी वाईट, असंही मी मानत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने मोटर जनरेटर युनिट या विजेच्या भागाच्या तपासणीसाठी 1 लाख 81 हजार 754 पेट्रोल गाड्या बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाऊस पडला की किती पाणी भरतं हे आम्हाला ठाऊक आहे, आमच्यासाठी अशी एक ओळ फार मोलाची असते. चूक कुणाकडूनही होते. चूक झाली की तिचा धोका सरळ भाषेत, वेळेवर, ज्याच्या हातात आज स्टिअरिंग आहे त्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.

पुढचं काम कागदांचं. माझ्या गाडीला नुसते शेल बदलून चालणार नव्हतं, क्रँकवरही चऱ्या पडल्या होत्या, म्हणून हाफ इंजिन बदललं. म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन नवे आणि वरचं हेड जुनंच. आता इंजिन नंबर असतो ब्लॉकवर पंच केलेला. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. आणि आरसीवर जुनाच नंबर.

हे मला कुणी आपणहून सांगितलं नाही. मिस्त्रींनी जाता जाता विचारलं, “आरसीचं बघितलंत का?” तेव्हा लक्षात आलं. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे गाडीतला असा बदल आरटीओत मंजूर करून आरसीवर नोंदवावा लागतो. नोंद नसेल आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारणार, की इंजिन नंबर जुळत का नाही. गाडी विकताना अडणार. नाकाबंदीत पोलिसांनी तपासलं तर चोरीच्या इंजिनाचा संशय. मी काउंटरवर सांगितलं, हे काम मी एकटी करणार नाही, बदल तुम्ही केलात. त्यांच्याकडून मग मी लेटरहेडवर पत्र घेतलं, त्यात रिकॉलचा उल्लेख, जुना नंबर, नवा नंबर आणि बदललेली तारीख. नव्या ब्लॉकचं शून्य रुपयांचं बिल घेतलं. जुना ब्लॉक कंपनीकडे परत गेल्याचा कागदही घेतला. माझ्या गाडीवर कर्ज राहिलेलं नाही, असतं तर बँकेची लेखी संमतीही लागली असती.

आरटीओत गाडी दाखवायला नेली ती सकाळ मला आवडली, हे मनापासून लिहिते. तिथल्या एका माणसाने बॉनेट उघडलं, ब्लॉकवरचा नंबर फडक्याने पुसला, त्यावर पातळ कागद ठेवून चिकटपट्टी लावली आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायला लागला. एकेक अंक पांढरा होऊन कागदावर उमटत गेला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आम्ही असंच करायचो. लेक बरोबर होती, ती वाकून बघत होती. मोटार वाहन निरीक्षकांनी तो कागद कंपनीच्या पत्राशी अंक अंक जुळवून पाहिला, चासीचाही प्रिंट घेतला आणि सही केली. पुढे आरसीवर नवा नंबर आला आणि ती प्रत पाठवून विमा पॉलिसीतही दुरुस्ती करून घेतली. तिथेच आरसीला जोडलेला मोबाइल नंबरही तपासला, तो माझाच आहे ना म्हणून. आणि सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरवर काकांच्या नावाच्या जागी माझं नाव, पत्ता, नंबर घालून घेतला, स्क्रीन माझ्याकडे वळवून. आता गाडी तिन्ही ठिकाणी माझी आहे.

गाडी हातात आली त्या रविवारी आम्ही नेरुळला गेलो. पाम बीच रोडने, खिडक्या उघड्या ठेवून, रेडिओ बंद करून, इंजिन ऐकत. काकांना गाडी बघायची होती. त्यांनी बाल्कनीतून हात केला आणि गुडघे धरत खाली आले. मी बॉनेट उघडून चालू करून दाखवली. ते कान तिरका करून बराच वेळ उभे राहिले. “मी विकली तेव्हाही हे आत होतं म्हणायचं,” एवढंच बोलले. त्यांच्या चेहऱ्यावर ओझं दिसलं. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक झालं त्या दिवशी तुम्ही फोन केलात. काकूंनी आत बोलावून थालीपीठ दिलं.

आमच्या सोसायटीत याच मॉडेलच्या आणखी तीन गाड्या आहेत. सेक्रेटरींना सांगून मी तिघांचे फ्लॅट नंबर घेतले. एकाची गाडी नंतरच्या बॅचची निघाली. दुसऱ्यांनी रिकॉलचं काम मेमध्येच करून घेतलं होतं, पण आरसीचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यांना माझ्या कागदांचे फोटो पाठवले.

तिसरी गाडी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली असते. मालकीणबाई रत्नागिरीला असतात, फ्लॅट भाड्याने दिलाय, आणि गाडी त्यांचा भाचा वर्षातून दोन-तीनदा काढतो. वॉचमनकडून नंबर घेऊन फोन लावला. गाडी त्यांनीही दुसऱ्याकडूनच घेतलेली. त्यांना काही पत्र आलं नव्हतं. आरसी शोधायला त्यांना थोडा वेळ लागला, मग त्या फोनवर एकेक अक्षर सांगत गेल्या आणि मी टाकत गेले. एका जागी त्या ‘ओ’ म्हणाल्या, मी शून्य टाकला. लाल चौकट आली.

“अहो, पण गणपतीला भाचा तीच गाडी घेऊन येणार होता. सगळे मिळून पाच जण आहेत,” त्या म्हणाल्या.

गणपतीला दोन आठवडे राहिले होते. मी त्यांना सर्व्हिस सेंटरचा नंबर दिला, ‘चालवायला हरकत नाही’ म्हणाले तर लिहून मागा असं सांगितलं, आणि भाच्याचा नंबर घेऊन त्यालाही फोन केला. तो म्हणाला, आता पाच जणांचं तिकीट कुठून मिळणार. खोपटला एसटीच्या जादा गाड्यांचं बुकिंग चालू होतं. संध्याकाळी शाळेतून येताना मी तिथे उतरून चौकशी केली आणि मोकळ्या सीट कुठल्या गाडीत आहेत ते त्याला कळवलं.